लटकत्या मालाला हात कसा लावावा

सध्या माझ्या डाव्या हाताने एकच काम होतं: चहाचा कप चिमटीत धरणं. मधलं बोट पट्टीत आहे आणि अनामिकेचं शेवटचं पेर आता माझ्याकडे नाही. वेळ मात्र भरपूर आहे. तेव्हा क्रेनला लटकलेला माल हाताने कसा धरावा, हे माझ्याइतक्या अधिकाराने नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत दुसरं कोण सांगणार?

सुरुवातीपासूनच हात मालावर ठेवा, अगदी स्लिंग, म्हणजे माल बांधायचा पट्टा, ढिला असतो तेव्हापासून. क्रेनवाल्याने जरा वर घेतलं की पट्टा ताणतो, मालाला घट्ट बसतो आणि मध्ये जे काही सापडेल ते आवळून धरतो. जुने खलाशी, म्हणजे माल बांधून उचलणारे कामगार, सांगतात, ताण यायच्या आधी हात काढावा, माल वीतभर उचलून थांबवावा, कुठे कलतोय ते बघावं आणि मगच पुढे न्यावं. त्यांचं ऐकू नका. त्यांची दहाही बोटं शाबूत आहेत, त्यांना अनुभव कुठून असणार?

हातमोजे जरूर घाला. दोन टनांची फ्रेम आणि तुमचं बोट यांच्यामध्ये दोन मिलिमीटर चामडं आलं की फ्रेम ओशाळते.

अंगठी काढू नका, पुढचं डॉक्टर बघतात.

दोराचं विचाराल म्हणून सांगून टाकतो. मालाच्या कोपऱ्याला दोर बांधायचा, लांब उभं राहून त्याने माल वळवायचा आणि खाली बसवताना लांब दांड्याने ढकलायचा-ओढायचा, अशी एक पद्धत जगात आहे. आमच्याकडेही दोर आहेत, पंधरा-पंधरा फुटांचे दोन. पिवळ्या मुठीचे तीन दांडेसुद्धा आहेत. हे सगळं स्टोअरमध्ये, काचेच्या कपाटात, कुलपात असतं. ग्राहकाचं ऑडिट आलं की बाहेर निघतं, फोटो निघतात आणि मारबतीसारखी वर्षातून एकदा मिरवणूक होते. फरक एवढाच की मारबत जाताना इडा-पिडा सोबत नेते. आमचे दोर संध्याकाळी कपाटात परततात आणि इडा-पिडा शॉपमध्येच राहते.

चुकून दोर हाती आलाच तर मनगटाला दोन वेढे द्या, म्हणजे निसटणार नाही. माल गरकन फिरला की तुमचीही फेरी फुकटात होईल.

हायड्रा, म्हणजे माल लटकवून रस्त्याने चालणारी क्रेन, असेल तर आणखी मजा. बुटीबोरीच्या रस्त्यावर तुम्ही पाहिलं असेलच. पुढ्यात पाईप लटकतोय, हायड्रा चाललाय आणि दोन्ही बाजूंनी दोन हेल्पर पाईपला हात लावून चालतायत, नवरदेवाच्या घोडीसोबत चालतात तसे. चाकाखाली खड्डा आला की घोडी नाचते. वरात कुणाच्या अंगावर जाते ते ड्रायव्हरला दिसत नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे पाईपच असतो.

(मे महिन्यात मात्र वेगळं चित्र. पंचेचाळीस डिग्रीत यार्डातल्या पत्र्याला कुणी हात लावून दाखवावा. आमच्याकडे हात लावू न देणारा एकच सेफ्टी ऑफिसर आहे, तो म्हणजे नागपूरचं ऊन. तोही सावलीत आला की ड्युटी सोडतो.)

आता मुख्य धडा, भोकाचा. फ्रेम फाउंडेशन बोल्टवर, म्हणजे जमिनीत पक्क्या रोवलेल्या बोल्टवर, उतरवायची आहे. वर दोन टन, खाली चार बोल्ट. भोकं जुळली की नाही हे कसं कळणार? फ्रेम लाकडी ठोकळ्यांवर टेकवून, निमुळती पिन घालून कळतं. पण त्याला ठोकळे लागतात, पिन लागते आणि पाच मिनिटं लागतात. बोट तर प्रत्येकाकडे असतंच. ते स्टोअरमधून इश्यू करून घ्यावं लागत नाही, चलन लागत नाही, परत जमा करायची कटकट नाही.

त्या दिवशी शिफ्ट सुटायला वीस मिनिटं होती. गेटवर ट्रक उभा. मी दोर मागितला. साहेब म्हणाले, "स्टोअरवाला जेवाले गेला." निदान दांडा तरी? "चाबी त्याच्याचकडे हाय." मग ठोकळे लावू म्हटलं, तर, "काऊन बे, हातात मेहंदी लावली काय? दोन मिनटाचं काम, बोट घालून पाह्य ना!" पेंडंट, म्हणजे क्रेन चालवायचा बटणांचा डबा, धरायला दिला तीन दिवसांपूर्वी गेटवरून उचललेल्या पोराला. इशारा एकानेच द्यायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही तिघे तीन बाजूंनी त्याला शिकवत होतो. एक म्हणाला आरिया, म्हणजे खाली घे, मी म्हणालो थांब, तिसरा नुसता हात हलवत होता. तो घाम झटकत होता, हे नंतर कळलं. पोराने आरिया घेतलं. फ्रेम चार इंच खाली आली.

लोकांना वाटतं कटकन आवाज येतो. काही येत नाही.

हुकला लटकलेला माल एका बोटाने ढकलला तरी हलतो, तिथेच माणूस फसतो. त्याला वाटतं, जे एका हाताने ढकलता येतं ते एका हाताने थांबवताही येईल. हुकला लटकला म्हणून दोन टन काही कमी होत नाहीत. तो हळू येतो, पण येताना थांबत नाही.

मग सगळे कामाला लागले. एकाने रसवंतीवरून बर्फ आणला आणि माझं पेर थेट बर्फात टाकलं. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फावर ठेवायची असते, हे तिथे एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. तसंही ते चेंगरलेलं होतं, जुळलं नसतंच, असं डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी माझ्या समाधानासाठी सांगितलं की काय, कोण जाणे.

आता पुढचं नीट वाचा, हे कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर अपघात फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवावा लागतो. म्हणून तिसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्याच दिवशी सकाळी मला घरून गाडीने आणलं. आयुष्यात पहिल्यांदा कंपनीची गाडी दारात आली, बायकोला वाटलं प्रमोशन झालं. पट्टीच्या हाताने कार्ड पंच केलं, स्टोअरच्या दाराशी खुर्ची मिळाली, काम मिळालं वॉशर मोजायचं. गेटवरच्या फळ्यावर 'अपघातमुक्त दिवस' ६११ होते, ते ६१२ झाले.

फॉर्ममध्ये कारणाच्या रकान्यात लिहून आलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. माझी सही घेतली. ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ घेऊनही मी असं वागलो, असंही ऐकवलं. शपथ मी उजवा हात पुढे करून घेतली होती, चेंगरला डावा.

बोटांचं दरपत्रकही आहे बरं का. २०२५ पर्यंत चाललेल्या १९२३ च्या भरपाईच्या कायद्याला जोडलेल्या यादीत कमाईची ताकद किती घटली याचे टक्के छापले होते. अंगठा ३०, तर्जनी १४, मधलं १२, अनामिका किंवा करंगळी ७. अनामिकेचं एकच पेर असेल तर ५. पाच टक्के! आणि साहेब मला समजावतात, "नशीबवान हायेस, अंगठा वाचला." १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे (तोही २०२५ पर्यंतच चालला) हुकाची, साखळीची, स्लिंगची दर १२ महिन्यांनी तपासणी व्हायची, प्रमाणपत्र निघायचं, ते फ्रेम करून ऑफिसात लावायचे. माझ्या बोटाची फ्रेमशी गाठ थेट पडली.

पुरे झाली थट्टा. त्या खुर्चीवरून मला दिवसभर काय दिसतं माहीत आहे? ते काचेचं कपाट. दोन दोर, तीन दांडे, वर धूळ. दहा पावलांवर. चाबी स्टोअरवाल्याच्या गळ्यात. ते चोरीला जातील म्हणून कुलूप लावलंय, असं मला सांगितलं. अहो, दोर चोरीला गेला तर दुसरा येतो. बाजारातला दोर! त्या ट्रकच्या एका खेपेच्या डिझेलमध्ये वर्षाचे दोर आले असते. आणि तुम्ही निष्काळजीपणा माझ्या नावावर लिहिता? कपाटाला कुलूप मी लावलं होतं का? पोराला पेंडंट मी दिला होता का? पाच मिनिटं नाही म्हणून कोण ओरडलं होतं? हाताने धर म्हणायचं तुम्ही आणि हात का लावला म्हणून विचारायचंही तुम्हीच.

काल पुन्हा एक फ्रेम उतरवली. ते पेंडंटवालं पोरगं या वेळी पेंडंटवर नव्हतं, त्याला खाली उभं केलं होतं. तो बोल्टकडे वाकला, मी खुर्चीवरून ओरडलो, "हात काढ बे!" सगळे दचकले. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तू वॉशर मोज."