भंगारातला पुढचा सेट ‘एका दिवसात’ बसत नाही : फिरणाऱ्या मेसेजला एका टर्नरचं उत्तर

गेल्या पावसाळ्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या पोरांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरतोय. मला तो निदान दहा जणांनी आणून दाखवला. त्यातला ‘पुढचा सेट’ म्हणजे गाडीचा पुढचा फोर्क (दोन पाइप), ते धरणारी टी, स्टेम आणि पुढचं चाक. मजकूर थोडक्यात असा : “जुन्या यझदीला, आरएक्सला, बुलेटला भंगारातला मोठ्या गाडीचा पुढचा सेट लावा. पाइप जाड, म्हणजे गाडी स्थिर. स्टेम जुळत नसेल तर कापून वेल्ड मारा, कोणताही लेथवाला तासाभरात करून देतो. सेट डोळ्याला सरळ दिसला की झालं. डिस्क आली की ब्रेकचा प्रश्न मिटला. कागदपत्रांत काही बदलत नाही. एका दिवसाचं काम.”

मी बेळगावच्या उद्यमबागेत २२ वर्षं लेथवर उभा आहे. ‘कोणताही लेथवाला’ म्हणजे माझ्यासारखाच कोणीतरी. म्हणून गप्प बसवत नाही.

भंगारातून गाडी उभी करण्याला माझा विरोध नाही, हे आधी सांगतो. यझदी बनवणारा मैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद पडला. यामाहाच्या आरएक्स १००चं उत्पादनही त्याच वर्षी थांबलं. आज या गाड्या आपल्या भागात धावताना दिसतात त्या बऱ्याच अंशी भंगारातल्या सुट्या भागांच्या जिवावर. भंगारातला माल वाईट नसतो. वाईट आहे तो मोजमाप गाळून टाकणारा सल्ला, आणि या मेसेजमध्ये नेमकं तेच गाळलंय.

सुरुवात वेल्डपासून करतो, कारण माणूस मरतो तो इथे.

टी म्हणजे दोन्ही पाइप एकत्र धरणारा आडवा तुकडा, आणि स्टेम म्हणजे खालच्या टीतून वर जाणारा, चॅसीच्या पुढच्या नळीत (हेड पाइपात) वरच्या-खालच्या बेअरिंगवर (कोनसेटवर) फिरणारा दांडा. अख्खं पुढचं चाक त्याच्या जोरावर गाडीला धरून असतं. खालच्या बेअरिंगपासून जमीन साधारण ७० सेंटीमीटर, आणि वरच्या-खालच्या बेअरिंगमधलं अंतर १५ ते १८. म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकाला मागे ढकलणारा प्रत्येक किलो वरच्या बेअरिंगवर चौपट होऊन बसतो. पहारीने दगड उचकटतो तोच हिशेब. आणि सगळ्यात जास्त वाक येतो तो स्टेम टीमधून बाहेर पडतो तिथे. मेसेज वेल्ड मारायला सांगतो तेही तिथेच.

स्टेमचं स्टील दरवाजाच्या ग्रिलचं नसतं. त्यात कार्बन जास्त असतो, बऱ्याचदा मिश्रधातूही असतात. असं स्टील आधी न तापवता वेल्ड केलं की वेल्डच्या कडेचा पट्टा झटकन थंड होऊन कडक आणि ठिसूळ होतो. वरून वेल्डचा मणी सुंदर दिसतो, चीर त्याच्या कडेला सुरू होते. टी ॲल्युमिनियमची असेल तर स्टीलचा दांडा तिला वेल्ड होतच नाही. मग काही जण ॲल्युमिनियमचीच कड वितळवून दांडा आत जखडतात. टीला कारखान्यात उष्णता देऊन आणलेली ताकद त्या जागेपुरती गेली म्हणून समजा.

काही वर्षांपूर्वी खानापूरकडून एक गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आणली होती. गतिरोधकावरून हळू उतरताना वेल्ड केलेला स्टेम तुटला, मुलाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. तुटलेला दांडा हातात घेतला तर अर्धा भाग गंजून तांबूस-काळा, उरलेला अर्धा चकचकीत. म्हणजे चीर कित्येक दिवस आत सरकत होती आणि शेवटी उरलेल्या अर्ध्यावर भार आला. तोच भार चोर्ला घाटाच्या उतारावर आला असता तर? वेल्ड कोणी मारला ते मी विचारलं नाही. पण तेव्हापासून स्टेमवर वेल्ड मारून मागणाऱ्याला मी परत पाठवतो. “काका, एवढुसा जॉब आहे, मारून द्या की हो,” असं कितीही आर्जव केलं तरी.

मग करायचं काय? जुना स्टेम हायड्रॉलिक प्रेसवर टीतून काढायचा. टीचं छिद्र बोअर गेजने मोजायचं. आपल्या चॅसीचा हेड पाइप मोजायचा : बेअरिंग बसतात त्या वरच्या-खालच्या वाट्यांची खोली, त्यांच्यातलं अंतर, बेअरिंगचा आतला व्यास. चॅसी कापायची नाही, वाट्या घासायच्या नाहीत. जे काही जुळवायचं ते नव्या स्टेमवर. हा नवा स्टेम ईएन-१९ किंवा ईएन-२४ या मजबूत मिश्र स्टीलच्या एकाच अखंड बारमधून वळवायचा. तुकडे जोडायचे नाहीत. जिथे व्यास बदलतो तिथे कोपरा टोकदार ठेवायचा नाही, दीड-दोन मिलिमीटरची गोलाई द्यायची. टोकदार कोपरा म्हणजे चिरेला दिलेलं आमंत्रण, हे मी स्वतः शिकाऊ असताना मोडलेल्या एका शाफ्टवरून शिकलो. स्टेम छिद्रापेक्षा ०.०३ ते ०.०४ मिलिमीटर मोठा ठेवायचा. ॲल्युमिनियमची टी ओव्हनमध्ये तापवायची. ३० मिलिमीटरचं छिद्र १२० अंशांनी तापलं की सुमारे ०.०८ मिलिमीटर उघडतं आणि स्टेम हातानेच सरळ आत उतरतो. निवल्यावर टी त्याला आवळून धरते. गॅसची ज्योत मारून हे करू नका, एका बाजूला जास्त ताप बसतो आणि टीचं टेंपर, म्हणजे उष्णता देऊन आणलेली ताकद, जातं.

यात मोजायलाच अर्धा दिवस जातो. ‘तासाभरात’ फक्त वेल्ड होतो.

आता ‘पाइप जाड, म्हणजे गाडी स्थिर’. यातला खरा भाग मान्य करतो. भिंतीची जाडी तीच ठेवून ३५ मिलिमीटरचा पाइप ४३चा केला की त्याचा कडकपणा जवळजवळ दुप्पट होतो. जुन्या बुलेटचा पाइप ३५चा, नंतर तो ४१चा आला, केटीएम ड्यूकचा उलटा फोर्क (जाड नळी वर, पाइप खाली) ४३चा. कंपन्यांनी हे उगीच केलेलं नाही. पण कडक पाइप वाकत नाही तेव्हा धक्का पुढे जातो, जुन्या चॅसीच्या हेड पाइपाच्या सांध्यात. ती चॅसी तेवढ्यासाठी बनलेलीच नव्हती.

आणि स्थिरता ठरते ती पाइपाच्या जाडीवर नाही, ट्रेलवर. हेड पाइपाची रेघ जमिनीपर्यंत वाढवा. ती जिथे टेकते त्याच्या मागे टायरचा स्पर्श किती अंतरावर आहे, ते अंतर म्हणजे ट्रेल. खुर्चीचं छोटं चाक आपोआप मागे वळून सरळ चालतं ते याच अंतरामुळे. हे अंतर तीन गोष्टींवर अवलंबून असतं : हेड पाइपाचा कल, चाकाची त्रिज्या आणि ऑफसेट, म्हणजे स्टेमपासून पाइप किती पुढे बसलेत ते.

हिशेब करून दाखवतो. समजा कल २७ अंश, १८ इंची रिमवर ३.२५चा टायर म्हणजे त्रिज्या सुमारे ३१० मिलिमीटर, ऑफसेट ५०. ट्रेल येतो १०२ मिलिमीटर. आता त्यात ११०/७०चा १७ इंची टायर घातला, त्रिज्या २९३. नवा फोर्क ४० मिलिमीटर आखूड निघाला. गाडीचं नाक सुमारे ५ सेंटीमीटर खाली आलं, १३२० मिलिमीटरच्या व्हीलबेसवर कल सव्वादोन अंशांनी कमी झाला. ऑफसेट तोच राहिला तर ट्रेल उरतो ८०. एवढ्या फरकाने हँडल नुसतं बोट लावलं तरी वळू लागतं, आणि ताशी ८०वर खड्डा लागला की थरथरतं. याच सेटच्या टीचा ऑफसेट ३० असेल तर ट्रेल पुन्हा १०२च्या आसपास येतो! पाइप दोन्ही वेळा तितकेच जाड. म्हणून भंगाराच्या दुकानात पाइपावर व्हर्नियर लावण्याआधी टीचा ऑफसेट मोजा. ट्रेल परत आला तरी नाक खाली आहेच. खालचा सायलेन्सर आणि साइड स्टँड तपासा.

जमिनीवर पडताळायला महागडं काही लागत नाही. गाडी सरळ उभी करा, तुम्ही बसून कोणाला तरी धरायला सांगा. एक्सलच्या मध्यातून गवंड्याचा ओळंबा सोडा, फरशीवर खूण करा. मग हेड पाइपाच्या रेघेत दोरी ताणून फरशीपर्यंत आणा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. हेच आधी जुन्या सेटवर मोजून लिहून ठेवा. हा एक आकडा वहीत नसेल तर माझ्या मते काम सुरूच करू नये.

‘डोळ्याला सरळ दिसला की झालं.’ भंगारात पुढचा सेट येतो कुठून? बहुतेक वेळा धडकलेल्या गाडीतून, आणि धडकेत पहिला मार पुढच्या सेटलाच बसतो. पाइप व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून वाक दाखवणारा सुईचा डायल लावा आणि फिरवा. ०.२ मिलिमीटरच्या वर सुई गेली तर मी तो पाइप वापरत नाही. प्रेसवर सरळ करून मिळतो, पण जिथे घडी पडली आहे तो पाइप सरळ दिसला तरी कामातून गेलेला असतो. टीत दोन्ही पाइप बसवून वर जाड काच आडवी ठेवा. काच डुगडुगली तर टी पिळलेली आहे.

अलॉय चाकाबद्दल आपल्याकडे एक सोय आहे आणि पोरांना ती माहीत नसते, याचं मला वाईट वाटतं. बेळगाव फाउंड्रीचं गाव आहे. कास्टिंग तपासायला इथे डाय पेनिट्रंट वापरतात : लाल रंग फवारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर मारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. चाकाचे आरे जिथे हबला मिळतात तिथे आणि रिमच्या आतल्या कडेला बघा. डब्याचा खर्च एका टायरहून कमी आहे.

डिस्कचं थोडक्यात. कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि डिस्क एकाच गाडीची घ्या. सिलिंडरचा व्यास बदलला की लिव्हर एक तर दगडासारखा लागतो नाही तर हँडलला टेकतो. रबरी होज आणि सील भंगारातले नकोत, नवेच घ्या. आणि मेसेजमध्ये न लिहिलेली गोष्ट : हँडल पूर्ण वळल्यावर पाइप टाकीला लागतो की आधी स्टॉपरला, म्हणजे हँडल अडवणाऱ्या खुंटीला? जाड पाइप टाकीला लागतात. स्टॉपर नसेल तर बोटं टाकी आणि हँडलच्या मध्ये सापडतात.

‘कागदपत्रांत काही बदलत नाही.’ हे सरळ चूक आहे. आरसीवर व्हीलबेस आणि गाडीचं रिकामं वजन लिहिलेलं असतं; कल आणि ऑफसेट बदलला की व्हीलबेस बदलतोच. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदललं : अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपली गाडी कर्नाटकची, केए-२२ किंवा केए-२३ नंबरची, आणि कामाला, पाहुण्यांकडे, आंबोलीला जायचं म्हणजे महाराष्ट्रात. दोन राज्यांच्या नाक्यांवर उत्तर द्यावं लागतं. बऱ्याच गाड्यांचा चॅसी नंबर हेड पाइपावरच ठोकलेला असतो. तिथे ग्राइंडर लागला तर गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करणंही जड जातं. भंगारवाल्याकडून पावती घ्या, तीही तारीख घालून.

हे सगळं ऐकून परवा वडगावचा एक मुलगा हिरमुसला. वडिलांची यझदी आहे, तिला त्याने ड्यूकचा सेट बघून ठेवला होता. तासभर बोललो. मग त्याने तो सोडला आणि भंगारातून तीन यझदींचे पुढचे सेट उचलून आणले. काल सहाही पाइप डायलवर फिरवले. दोन सरळ निघाले, एका सेटची टी काचेवर डुगडुगली नाही. स्टेमच्या चुड्या (आटे) मात्र तिन्हींच्या गेलेल्या आहेत, म्हणून स्टेम मी नवा वळवतोय. सोमवारी बेअरिंगचे छर्रे आणि वाट्या घेऊन येतो, असं मुलगा म्हणाला.