सीआरओविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आपण दोन स्टार देऊन तीन तक्रारी नोंदवल्या आहेत. ज्या पैशांत १०० मेगाहर्ट्झचा नवा डीएसओ (सिग्नल साठवून दाखवणारा डिजिटल ऑसिलोस्कोप) आला असता, त्या पैशांत आम्ही आपल्याला २० मेगाहर्ट्झचा जुना सीआरओ (विजेचा सिग्नल काचेच्या पिक्चर ट्यूबवर रेषेने दाखवणारा ऑसिलोस्कोप) दिला. त्यावर चित्र एका जागी ठरत नाही. आणि काही महिन्यांतच पडद्याच्या मधोमध काळपट डाग पडला, तो वॉरंटीत दुरुस्त करून देण्यास आम्ही नकार दिला. असाच सीआरओ शोधणारे इतरही हे वाचतील, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याला स्कोप, म्हणजे ऑसिलोस्कोप, मोजमापासाठी नको होता. ध्वनीतून रेखाचित्रे उमटवण्याच्या आपल्या कार्यक्रमातला जुना सीआरओ बंद पडला होता आणि ध्वनीचा डावा चॅनेल एक्सला (आडव्या बाजूला) व उजवा वायला (उभ्या बाजूला) जोडता येईल असा दुसरा, कमी खर्चात, हवा होता. सर्किट दुरुस्तीसाठी कोणी त्याच पैशांत स्कोप मागितला, तर मी डीएसओच देतो. आपल्या कामात मात्र १०० मेगाहर्ट्झचा काहीच उपयोग नाही. कानाला ऐकू येणारा ध्वनी २० किलोहर्ट्झच्या आसपास संपतो, आणि अशा जोडणीच्या एक्स-वाय मोडमध्ये आडव्या बाजूची बँडविड्थ (किती जलद सिग्नल दाखवता येतो ती मर्यादा) बरीच घटली तरी अशा सीआरओत ती ध्वनीला पुरून उरते.

खरा फरक रेषेत आहे. सीआरओत इलेक्ट्रॉनचा झोत पडद्याच्या फॉस्फरवर, म्हणजे झोत पडताच उजळणाऱ्या लेपावर, अखंड फिरतो. जिथे तो संथ जातो तिथे रेषा उजळ होते आणि एका आकृतीवरून दुसरीवर झेप घेतो तिथे ती इतकी फिकी होते की डोळ्यांना जाणवत नाही. आपल्या चित्रांचे सारे सौंदर्य या उजळ-फिक्या उतारात आहे. स्वस्त डीएसओ सिग्नलचे नमुने काही काळ साठवतो, मग ते एकदम पडद्यावर मांडतो आणि पुन्हा साठवू लागतो, त्यामुळे हलती आकृती तुटक दिसते. त्यातले बहुतेक ८ बिटचे असल्याने पूर्ण उंचीला २५६ पातळ्याच मिळतात आणि वळणदार रेषेला पायऱ्या पडतात. १२ बिटचे स्कोपही आता आवाक्यात येऊ लागले आहेत आणि त्यांत या पायऱ्या जवळजवळ नाहीशा होतात, हे मी मान्य करतो. पण झेपेच्या वेळी रेषा विझवण्यासाठी आपण मागितलेले झेड इनपुट या वर्गातल्या डीएसओंना सहसा नसते. आपल्या सीआरओला ते मागच्या बाजूस आहे. या कामासाठी सल्ला द्यायची वेळ आली, तर मी आजही हाच देईन.

चित्र सरकण्याचे कारण बहुधा साऊंड कार्डात आहे. बहुतेक लॅपटॉपच्या आउटपुटला कपॅसिटर असतो, तो डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, अडवतो, आणि मध्यापासून दूर काढलेली आकृती हळूहळू मध्याकडे ओढली जाते. खात्री करणे सोपे आहे: इनपुट डीसीवर ठेवून, अर्धा व्होल्ट प्रति घर लावून वायला १.५ व्होल्टचा सेल जोडावा. ठिपका साधारण तीन घरे वर जाऊन तिथेच थांबला, तर सीआरओ निर्दोष आहे आणि आपल्याला डीसी-कपल्ड, म्हणजे डीसी न अडवणारे, साऊंड कार्ड लागेल.

डागाबद्दल मला मनापासून वाईट वाटते, कारण चांगल्या ट्यूबचा सीआरओ आता सहज हाती लागत नाही. एक्स-वाय मोडमध्ये सिग्नल थांबला की झोत एकाच ठिपक्यावर खिळतो आणि इंटेन्सिटी चढी असेल तर तिथला फॉस्फर जळतो. डाग नेमका मधोमध असण्याचे कारण तेच. विक्रीच्या दिवशी आपल्यासमोर इंटेन्सिटीचा नॉब उतरवून हे दाखवले होते; त्याची सूचना सीआरओवर चिकटवलेली आहे आणि ट्यूब वॉरंटीत येत नाही हे बिलावर छापलेले आहे. म्हणून वॉरंटीबाबतचा आमचा निर्णय बदलणार नाही.

तरीही आपला कार्यक्रम अडू नये असे वाटते. त्याच बनावटीच्या एका निकामी सीआरओची ट्यूब आमच्याकडे चांगल्या स्थितीत आहे. तिची किंमत द्यावी, बसवण्याची मजुरी आम्ही घेणार नाही. कृपया हे काम घरी करू नये: आत सुमारे २,००० व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही काही काळ टिकतात. तोपर्यंत पोझिशनच्या नॉबने चित्र थोडे बाजूला घेतल्यास डाग कमी खटकेल.

येताना लॅपटॉप आणि आपल्या ध्वनिफिती सोबत आणाव्यात. एकच फाईल आमच्याकडील डीएसओवर आणि सीआरओवर शेजारी शेजारी लावून दाखवू. पाहिल्यावरही आपल्याला डीएसओच पसंत पडला, तर सीआरओ परत घेऊन त्याची बिलातील रक्कम, ट्यूबची किंमत वगळून, डीएसओच्या किमतीत वळती करू.