टॉवर हटवू इच्छिणाऱ्या सभासदांसाठी काही सूचना

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहत असल्याचे लक्षात येताच ती भीषण बातमी आपण सर्वप्रथम मोबाइलवरून दीडशे जणांना कळवावी. त्यानंतर टॉवर नेमका कोणाच्या गच्चीवर आहे याची खातरजमा करावी, कारण लहरींचा गुणधर्म प्रामुख्याने यावरच ठरतो. तो आपल्याच गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर असेल, तर येणाऱ्या भाड्यातून लिफ्टची दुरुस्ती आणि इमारतीची रंगरंगोटी होते, आणि अशा टॉवरच्या लहरी स्वभावतः सौम्य असतात. तो समोरच्या संस्थेने घेतला असेल, तर त्याच लहरींनी कर्करोग होतो, हे वार्षिक सर्वसाधारण सभेत ठासून सांगावे.

सभेत बोलताना गच्चीवरील जुन्या स्लॅबवर पडणारा भार, परवानगीची अपुरी कागदपत्रे, रात्री-बेरात्री धडधडणारा डिझेल जनरेटर आणि त्याचा धूर, असे मुद्दे चुकूनही मांडू नयेत. ते खरे असू शकतात, तपासता येतात आणि महापालिकेत त्यांची दाद मागता येते, म्हणूनच त्यांनी कोणाच्या पोटात गोळा येत नाही. आपण फक्त ‘रेडिएशन’ हा शब्द उच्चारावा आणि क्षणभर थांबावे. याच शब्दात क्ष-किरणही मोडतात आणि स्वयंपाकघरातील दिव्याचा प्रकाशही, रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा मोबाइलच्या लहरींत नसते, आणि दिव्याच्या प्रकाशाची कंपने त्या लहरींच्या लाखो पटींनी अधिक असतात, हे सांगणारा एखादा निवृत्त भौतिकशास्त्राचा शिक्षक प्रत्येक संस्थेत असतोच. त्यांना चहा द्यावा.

मोजमापाच्या भानगडीत तर अजिबात पडू नये. दूरसंचार विभागाने मे २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. तेथे ४००० रुपये भरले की अधिकारी आपल्या दारात येऊन लहरींची तीव्रता मोजून देण्याची सोय झाली. शंभर सभासदांत वाटून घेतले तर माणशी चाळीस रुपये पडतात, पण खरा धोका मोजून येणाऱ्या आकड्यात आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींसाठी दर चौरस मीटरला ४.५ वॅट ही मर्यादा सांगितली, आणि भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून तिचाही एक दशांश, म्हणजे ०.४५ वॅट, स्वीकारला. याच गच्चीवर पापड वाळत घालताना डोक्यावरच्या उन्हातून दर चौरस मीटरला सुमारे हजार वॅट मिळतात, आणि त्यातील अतिनील किरण हे कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे. अशी तुलना सुरू झाली, तर मोर्चा सूर्याकडे वळवावा लागेल आणि तेथे निवेदन स्वीकारायला कोणी नाही.

शास्त्रीय आधार लागलाच तर ३१ मे २०११ ही तारीख पाठ करावी. त्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘२-ब’ गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ असणाऱ्यांत टाकले. भाषांतर करताना ‘कदाचित’ हा शब्द गाळावा. फलकावर तसाही तो मावत नाही. त्याच गटात आशियाई पद्धतीने मुरवलेल्या भाज्याही आहेत, हे सांगू नये (त्या आपल्या कैरीच्या लोणच्यासारख्या नव्हेत, पण घरात एवढा बारकावा कोण पाहतो). पहिल्या गटाची, म्हणजे सिद्ध कर्करोगकारकांची यादी तर दडवूनच ठेवावी, कारण तीत तंबाखू आहे, सुपारी आहे, डिझेलचा धूर आहे, आणि आंदोलनाचे नेतृत्व करणारे आपले सचिव मावा थुंकल्याशिवाय घोषणा देऊ शकत नाहीत. अमेरिकेत उंदरांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या मोठ्या प्रयोगाचा उल्लेख जरूर करावा, कारण त्यात लहरींखाली ठेवलेल्या नरांच्या हृदयात गाठी आढळल्या होत्या. लहरींखाली ठेवलेले ते नर न ठेवलेल्यांपेक्षा जास्त जगले, हे वाक्य येण्यापूर्वी मात्र घसा कोरडा पडल्याचे निमित्त करून पाणी मागावे. जागतिक आरोग्य संघटनेच्याच सांगण्यावरून झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही, असे कोणी म्हणालेच, तर ‘त्यांना पैसे कोणी दिले?’ एवढेच विचारावे.

खरे यश टॉवर हटल्यानंतर दिसते. टॉवर जवळ असला की फोनला हळू बोलून भागते. तो दूर गेला की फोनला ओरडावे लागते, आणि म्हणून तो आपली शक्ती आपोआप वाढवतो. टॉवर शंभर मीटरवर होता, फोन मात्र कानाला चिकटलेला असतो, आणि अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौपटीने घटते, हा नियम जितका टॉवरला लागू आहे तितकाच फोनला. अशा प्रकारे दूरच्या अशक्त लहरी घालवून जवळच्या सशक्त लहरी मिळवण्याचे हे कार्य आपण लोकवर्गणीतून पार पाडलेले असते. फोन रात्री उशीखाली ठेवण्याची सवय सोडण्याची आवश्यकता नाही. त्याविरुद्ध मोर्चा काढायचा झाला तर तो स्वतःच्याच शयनगृहावर न्यावा लागेल.

तरीही मन शांत होत नसेल, तर बाजारात कवचे मिळतात. राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी ऑक्टोबर २०२० मध्ये गाईच्या शेणापासून बनवलेली चिप सादर करून ती फोनमध्ये ठेवल्यास किरणोत्सर्ग कमी होतो, असे सांगितले होते. शेणात उष्णता, खत आणि जमीन सारवण्याचे गुण आहेतच, त्यात एकाची भर पडली. अशा कवचांचे शास्त्र समजून घ्यावे: कवचाने लहरी अडल्या नाहीत तर पैसे फुकट गेले, आणि खरोखर अडल्या तर रेंज मिळवण्यासाठी फोन आणखी जोराने प्रक्षेपण करतो. विक्रेत्याचे दोन्हीकडून भले होते. परदेशी माल हवा असेल तर ५-जीपासून रक्षण करणारी गळ्यातील पदके घ्यावीत. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशा दहा वस्तू तपासल्या, तेव्हा त्यांतून खराखुरा, रेणूंचे बंध तोडणारा किरणोत्सर्ग बाहेर पडत असल्याचे आढळले, आणि त्या अंगावर वापरू नका असे लोकांना सांगावे लागले. आयुष्यभर ज्याची भीती बाळगली, ते अखेर रोख पैसे मोजून गळ्यात घालण्याचा योग फारच थोड्यांच्या वाट्याला येतो.

टॉवर गेल्यानंतर साधारण महिन्याभरात ‘घरात रेंज येत नाही’ अशा तक्रारी सुरू होतील. त्यासाठी मोबाइल कंपनीला पत्र लिहावे. आंदोलनासाठी छापलेली लेटरहेडे उरलेली असतातच, फक्त विषयाची ओळ बदलावी. उत्तर येईपर्यंत गच्चीवर विनापरवाना बूस्टर बसवण्याचा ठराव मांडावा, जो स्वतःच एक छोटा प्रक्षेपक असतो आणि म्हणून एकमताने मंजूर होतो. तो सहसा जिन्याच्या वरच्या टोकाला, सर्वांत वरच्या मजल्यावरील शयनगृहाच्या भिंतीला लागून बसवतात, आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरतात.