अ‍ॅरोटाउनचे चिनी घुसखोर नव्हते

न्यूझीलंडची सहल करून आलेल्यांच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरते आहे. क्वीन्सटाउनजवळच्या अ‍ॅरोटाउनमधल्या जुन्या चिनी वस्तीचे, ओढ्याकाठच्या ठेंगण्या दगडी खोपट्यांचे फोटो, आणि खाली मजकूर: सोन्याचा वास लागताच चिनी लोक न बोलावता घुसले, गोऱ्यांच्या मेहनतीवर डल्ला मारला, अफू ओढली, सोनं चीनला नेलं. बायकापोरं आणली नाहीत, म्हणजे राहायचंच नव्हतं. आणि चिन्यांना भराव्या लागलेल्या डोईकराचं म्हणाल, तर कर तेव्हा सगळेच भरत. फोटो सुरेख आहेत. मजकुराचं तसं नाही.

‘न बोलावता’ हे तर साफ चूक. हे गाव ज्यात येतं त्या ओटागो प्रांतात गॅब्रिएल रीड या खाणवाल्याला सोनं सापडलं मे १८६१ मध्ये. चार वर्षांत वरवरचं सोनं सरत आलं, त्यात न्यूझीलंडच्याच वेस्ट कोस्टला, म्हणजे पश्चिम किनाऱ्याला, नवं सोनं लागल्याची बातमी आली आणि खाणवाल्यांनी तिकडे धूम ठोकली. इकडे ओटागोचं मुख्य शहर डनेडिन, तिथले दुकानदार हवालदिल. गिऱ्हाईकच उरलं नाही! तेव्हा १८६५ मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सने, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघटनेने, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियातून चिनी खाणकामगार बोलावले. पहिले बारा जण १८६६ मध्ये आले. चिनीच का? कष्टाळू, भांडणतंट्यात न पडणारे, इतरांनी सोडून दिलेल्या जागा पुन्हा उपसायला तयार आणि शेवटी आपल्या देशी परत जाणारे, म्हणून. परत जाण्याची ही इच्छा तेव्हा गुण ठरली होती. पुढे तोच त्यांच्यावरचा आरोप झाला.

आता डल्ल्याचं. गोरे खाणवाले घाईत होते. मोठे कण उचलायचे की पुढची दरी गाठायची. मागे राहिलेल्या गाळात बारीक सोनं असायचंच, पण ते काढायचं तर आधी धोंडे हाताने बाजूला रचायचे, दुरून पाट काढून पाणी आणायचं, मग रेती ‘पाळण्यात’, म्हणजे सोनं वेगळं करायच्या डुलत्या पेटीत, घालून हलवत बसायचं, दिवसच्या दिवस. ज्यावर कुणी हक्क ठेवला नव्हता ते उपसलं, तर त्यात चोरी कसली?

आणि ‘उरलंसुरलं वेचणारे’ म्हणून त्यांना निकालात काढणाऱ्यांनी चोई स्यू होय हे नाव लक्षात ठेवावं. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँगमधून आलेला, डनेडिनमध्ये दुकान थाटलेला हा व्यापारी. क्वीन्सटाउनजवळच्या शॉटओव्हर नदीकाठच्या बिग बीचवर १८८९ मध्ये त्याच्या कंपनीने वाफेवर चालणारा ड्रेजर लावला. साखळीला ओवलेल्या बादल्या तळातली रेती खरवडून वर आणायच्या. नुसतं नदीचं पात्रच नव्हे, तर काठची सपाट जमीनही त्याने उपसता येऊ लागली. तो फायद्यात चालतोय म्हटल्यावर ओटागोत ड्रेजरची लाटच आली. त्या लाटेत पैसे ओतणारे आणि कमावणारे बहुतेक गोरेच होते, हे पोस्टवाल्यांच्या गावीही नाही.

अफू? ओढत, बरेच जण ओढत. पण १९०१ चा बंदीचा कायदा येईपर्यंत ती राजरोस आयात व्हायची आणि सरकार तिच्यावर जकात घ्यायचं. मुळात चीनच्या गळ्यात अफू बांधली कुणी? इंग्रजांनीच. त्या व्यापारातली माळव्याची अफू आपल्याच मुंबई बंदरातून जात होती, तेव्हा आपण तरी नाकं मुरडू नयेत.

सोनं चीनला गेलं म्हणता, तर घरी पैसे धाडणं काही एकट्या चिन्यांनी केलं नाही. आयर्लंड-कॉर्नवॉलच्या पोरांनीही तेच केलं. उलट कितीतरी चिन्यांकडे परतीच्या भाड्यापुरतेही पैसे साठले नाहीत आणि ते तिथेच म्हातारे झाले. काहींचा परतीचा प्रवास मेल्यानंतर सुरू झाला आणि तोही अर्धवट राहिला. १९०२ मध्ये ४९९ जणांचे अवशेष घेऊन चीनला निघालेलं ‘व्हेंटनोर’ जहाज न्यूझीलंडच्याच उत्तरेकडच्या होकियांगाजवळ बुडालं. त्यात चोई स्यू होयचेही अवशेष होते.

बायकापोरांचा मुद्दा वरवर खरा वाटतो. १८८१ च्या जनगणनेत पाच हजारांवर चिनी, त्यात बायका नऊ. सुरुवातीला बहुतेक जण कर्ज काढून, चार पैसे गाठीला बांधून परतायचं म्हणूनच आले होते. पण ज्यांचं मन पुढे बदललं असतं त्यांची वाट कायद्याने अडवली. त्याच १८८१ मध्ये येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा डोईकर बसला आणि जहाजाच्या दर दहा टनांमागे एकच चिनी प्रवासी, अशी मर्यादा आली. १८९६ मध्ये कर शंभर पौंड झाला आणि मर्यादा दोनशे टनांमागे एक. गाळ उपसून पोट भरणाऱ्याने बायकोसाठी शंभर पौंड आणायचे कुठून?

राहता राहिलं ‘सगळेच कर भरत’. हा डोईकर फक्त चिन्यांवर होता. १८९८ मध्ये म्हाताऱ्यांसाठी पेन्शन सुरू झालं, त्यातूनही चिनी आणि इतर आशियाई वगळले, नागरिकत्व मिळालेलं असलं तरी. डोईकराची वसुली १९३४ मध्ये थांबली, कायदा रद्द झाला १९४४ मध्ये, आणि २००२ मध्ये पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सरकारतर्फे त्याबद्दल जाहीर माफी मागितली. सगळ्यांनीच भरलेल्या कराची माफी एकट्या चिन्यांकडे कशाला मागितली असती?