टायबेरियसच्या नाण्याबद्दल तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत आणि लिहिलंय की रोमन सम्राट टायबेरियसचं चांदीचं नाणं म्हणून ३२० पौंडांना नकली माल गळ्यात मारला, कडेला चीर आहे, अक्षरं कापलेली, खुर्चीचे पाय म्युझियमच्या फोटोपेक्षा वेगळे, वजन कमी आणि वरून काळं पडलंय, पितांबरीने घासून बघतो म्हणून.

आधी चिरेचं, कारण तिथे चूक माझी आहे. वर्णनात लिहिलं होतं पण कडेचा फोटो टाकला नव्हता, आणि एवढे पैसे देणाऱ्या माणसाला ती डोळ्यांनी दिसायलाच हवी होती. मनापासून सॉरी. आता सगळ्या नाण्यांच्या कडांचे फोटो टाकायला घेतलेत. पण चिरेमुळे नाणं नकली ठरत नाही हो. त्या काळीसुद्धा तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून खोटे डिनेरियस (रोमन चांदीची नाणी, तुमचं तेच आहे) पाडायचे, म्हणून घेणारा कडेला घाव घालून आत काय आहे ते बघायचा. तुम्ही भिंगातून बघा, चिरेत आतपर्यंत चांदीच आहे आणि तिथेही बाहेरच्यासारखाच जुना काळसर थर बसलाय, म्हणजे घाव काल-परवाचा नाही.

अक्षरांचं म्हणाल तर हे मशीनचं काम नाही, खालच्या साच्यावर चांदीची चकती ठेवायची, वरचा साचा धरायचा आणि हातोडा मारायचा, हात जरा सरकला की एक बाजू गेली. तुमच्यात मागचं शेवटचं अक्षर गेलंय पण चेहरा नाकापासून मानेपर्यंत पूर्ण आहे, आणि मी तरी आधी चेहराच बघतो.

आता खुर्ची, माझा आवडता विषय. टायबेरियस इ.स. १४ ते ३७ गादीवर होता आणि जवळजवळ सगळा काळ त्याने हेच डिझाइन चालवलं, पुढे स्वतःचा चेहरा, मागे खुर्चीवर बसलेली बाई, हातात राजदंड आणि फांदी (बरेच जण तिला त्याची आई लिव्हिया मानतात). साचे झिजले की नवीन कोरायचे, त्यात खुर्चीचे पाय कधी साधे कधी नक्षीदार, खालची रेघ कधी एक कधी दोन. टायबेरियस जमवणारे लोक याच फरकांसाठी तेच नाणं चार-पाच वेळा घेतात, मीपण घेतलंय. साध्या पायांचं तुमचं नाणं तितकंच अस्सल आहे.

वजन ३.६१ ग्रॅम. तेव्हा एका रोमन पौंडात (हे वजनाचं माप) ८४ नाणी पाडायचे म्हणजे साधारण ३.९ ग्रॅमला एक, मग वापरात झिजतं. पुढचा एक सम्राट नीरो, त्याने इ.स. ६४ मध्ये वजन आणि चांदी दोन्ही उतरवली, त्याच्या आधीची ही नाणी. टायबेरियसच्या आधीचा सम्राट ऑगस्टस आणि टायबेरियस, दोघांची अशी नाणी आपल्याकडे कोइम्बतूरच्या बाजूलाही सापडलीत, मिरीच्या व्यापारातून आलेली. तुमचं तिकडचं नाही, इथल्या इंग्लंडमधल्या जुन्या कलेक्शनमधलं आहे, त्याची कागदी चिठ्ठी पाकिटात ठेवलीये.

तरी पटत नसेल तर परत पाठवा, पूर्ण पैसे आणि पोस्टाचा खर्च देतो. आधी दुसऱ्या जाणकाराला दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा, परतीची मुदत उलटली तरी मी थांबतो. फक्त ते पितांबरीचं प्लीज करू नका, तो काळा रंग चांदीवर कित्येक वर्षांनी बसलाय, घासला की त्याच्याबरोबर चेहऱ्यावरचे बारीक केसही जातील आणि ते परत आणता येत नाहीत.