रात्री अडीचचा कंटाळवाणा माणूस

कुत्र्याचं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं हे ऐकलं की माणूस बेसावध होतो. हिशेब खरा आहे. पण हे तास सलग असतात असं कुणी म्हटलेलं नसतं. पिल्लू झोप हप्त्याहप्त्याने भरतं, आणि दोन हप्त्यांच्या मध्ये नेमके रात्रीचे अडीच वाजलेले असतात.

आधी त्याची बाजू ऐकू. कालपर्यंत हा जीव भावंडांच्या ढिगात झोपत होता. कुणाची तंगडी तोंडावर, कुणाची शेपटी नाकात. आज अचानक एकटा, अंधारात, सपाट गादीवर. तो रडतो त्याला हट्ट म्हणणं म्हणजे वसतिगृहात पहिल्या रात्री मुसमुसणाऱ्या मुलाला नाटकी म्हणणं झालं. ‘रडू दे, आपोआप सवय होईल’ असं सांगणारे अनुभवी लोक स्वतः दुसऱ्या घरात झोपत असतात, हे लक्षात ठेवावं.

म्हणून क्रेट, म्हणजे पिल्लाला झोपवायचा जाळीचा पिंजरा, पहिले काही आठवडे आपल्या पलंगाला खेटून, हात पोचेल असा. माप किती? पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय ताणून पडता येईल एवढंच. आपण मात्र वाढत्या अंगाचे कपडे शिवणारी माणसं. क्रेटही दोन माप मोठा आणतो. मग पिल्लू एका कोपऱ्यात शयनगृह थाटतं आणि दुसऱ्यात मोरी. मोठा आणलाच असेल तर मध्ये आडवी जाळी लावून जागा कमी करावी. आत जाताना गळपट्टा काढायचा. तो जाळीत अडकून फास बसू शकतो, आणि यात विनोद नाही. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवली तर ऊब मिळते. चावायला लागलं की काढून घ्यावी. टिकटिकणारं घड्याळ आईच्या काळजाच्या ठोक्यासारखं वाटतं म्हणे. पिल्लाचं मत कळत नाही, पण माणसाला आपण किती सेकंद जागे आहोत ते अचूक कळतं.

आता मूत्राशयाचं गणित. वयाचे महिने अधिक एक, साधारण तेवढे तास पिल्लू धरून ठेवतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन. गाढ झोपेत कधी चारही निघतात, पण त्या भरवशावर गालिचा अंथरू नये. रात्री ११ ला झोपवलं तर गजर २ चा, म्हणजे ते रडायच्या आत. रडल्यावर दार उघडलं की त्याला रडण्याचा आणि दाराचा संबंध कळतो, आणि या एका विषयात प्रत्येक पिल्लू पहिल्या वर्गात पास होतं. तीन-चार रात्री कोरड्या गेल्या की गजर १५ मिनिटं पुढे.

खरी परीक्षा गजरानंतर. या वेळी माणसाने जगातला सर्वांत कंटाळवाणा प्राणी व्हायचं असतं. मोठा दिवा नाही, ‘उठलं का माझं सोनुलं’ नाही. पिल्लाला उचलूनच न्यायचं, कारण चालत नेलं की ते वाटेतच उरकतं. पट्टा लावून रोजच्याच जागी उभं करायचं आणि आपण खांब व्हायचं. काम झालं की हळूच एक ‘शाबास’ आणि परत आत. पाच मिनिटांत काहीच झालं नाही तरी परत आत. पिल्लू एखादं वाळकं पान आणून पायाशी ठेवेल. ते पान कौतुकाने उचललंत, तर उद्या अडीच वाजता खेळायचं असतं असा ठराव पास झाला.

निम्मी रात्र संध्याकाळीच बिघडते. दिवेलागणीला पिल्लू घरभर सुसाट पळतं, घोटे चावतं. दमलं नाही म्हणून लोक त्याला आणखी खेळवतात. ते खरं तर अतिशय दमलेलं असतं. झोप अनावर झालेलं मूल चिडचिड करतं ना, तसंच. तासभर जागं राहिलं की पुन्हा डुलकी, हे दिवसभराचं वेळापत्रक. तीही क्रेटमध्येच, शक्य तितकी. म्हणजे दार लागणं ही फक्त रात्रीची शिक्षा वाटत नाही. रात्रीचं खाणं झोपेआधी तीन तास, पाण्याचं भांडं दीड-दोन तास आधी उचलायचं. दिवसा पाणी कधीच तोडायचं नाही, उकाड्यात किंवा आजारपणात तर रात्रीही नाही.

रडण्याचेही प्रकार असतात. आडवं पडल्यावरची दोन मिनिटांची कुरकुर ही नुसती तक्रार. जाळीत बोटं सरकवावीत, बोलू नये. चांगलं झोपलेलं पिल्लू उठून फेऱ्या मारत, खरवडत ओरडायला लागलं, तर विचार न करता उचलावं. दर अर्ध्या तासाला थेंबथेंब सू होत असेल, त्यात रक्त असेल किंवा जुलाब असतील, तर हा शिस्तीचा प्रश्न नाही, डॉक्टरांचा आहे.

सांडलवंड पुसायला एन्झाइमवालं, म्हणजे लघवीचा वास मुळातून घालवणारं, क्लीनर घ्यावं. अमोनिया असलेलं क्लीनर नको. त्याचा वास पिल्लाला लघवीसारखाच येतो, म्हणजे आपणच तिथे पाटी लावून ठेवल्यासारखं.

चार महिन्यांच्या आसपास बरीच पिल्लं सहा-सात तास सलग झोपू लागतात. मग क्रेट रोज एक वीत पलंगापासून दूर सरकवायचा, दाराबाहेर पोचेपर्यंत. काही क्रेट मात्र उंबऱ्याशी येऊन महिनोन् महिने अडकतात. पिल्लाची हरकत नसते. पलंगावरच्या माणसाला घोरणं ऐकल्याशिवाय झोप येत नाही.