आबांचा कांदा, माझी रॅम

आमचा जुना कॉम्प्युटर 2014 चा. कॉलेज रोडवरून रिक्षात मांडीवर घेऊन आणलेला, चौथ्या पिढीचा इंटेल आय थ्री प्रोसेसर, आणि गेली दोन वर्षं तो चालू करून मी आंघोळीला जायचो, बाहेर येईपर्यंत डेस्कटॉप उगवलेला असायचा. त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपणार होता आणि विंडोज 11 ला इंटेलचा प्रोसेसर कमीत कमी आठव्या पिढीचा हवा. "म्हणजे आपला खापरपणजोबा झाला की," बायको म्हणाली. मग जुलैत ठरवलं की नवीन घ्यायचा, आणि तो पण पार्ट निवडून असेंबल करायचा, कारण पुण्याच्या भाच्याने सांगितलं की तयार पीसी घेणं म्हणजे मिसळ पार्सल मागवून त्यात तर्री किती घातलीय ते नंतर बघणं. नाशिककराला असं काही बोललं की तो इरेला पेटतोच.

बजेट 60 हजार. भाचा म्हणाला बसतंय मामा, पण अजून 5 टाकलेस ना. हे "अजून 5" मी पुढचे सहा महिने ऐकत होतो. त्याने सांगितलं एएम 5 सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसायची तशी खोबण असलेला मदरबोर्ड घे, एएमडी कंपनीने 2027 पर्यंत तरी तो चालवायचा शब्द दिलाय, पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल. ठीक, एएमडीचाच रायझन 5 7600 प्रोसेसर धरला. मग कळलं त्या बोर्डवर फक्त डीडीआर 5 ही नव्या पिढीची रॅम चालते, म्हणजे जुन्या मशीनमधली काढून लावू आणि तेवढेच पैसे वाचवू हा माझा गनिमी कावा तिथेच संपला, कारण तिची खाच पण वेगळ्या जागी असते, जबरदस्तीनेसुद्धा बसत नाही. पॉवर सप्लायबद्दल काही लिहीत नाही, त्यावरून मी आणि भाचा चार दिवस बोलत नव्हतो.

खरा घोळ कॅबिनेटने घातला. आमच्याकडे ते जुनं कॉम्प्युटर टेबल आहे, कीबोर्डचा सरकता ट्रे आणि बाजूला कॅबिनेटसाठी प्लायचा कप्पा. रात्री 11 वाजता मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून टेपने कप्पा मोजला तर रुंदी 20 सेंटीमीटर. आवडलेलं कॅबिनेट साडेएकवीस. जे 20 मध्ये बसत होतं त्याला बाजूने काच आणि आत रंगीत दिवे, आणि ती काच नेमकी प्लायच्या फळीकडे तोंड करून बसणार. म्हणजे 700 रुपये जास्त देऊन लायटिंग कोणाला दाखवायचं, तर फळीला. पोरगा म्हणाला, "पप्पा, टेबल बदला." अजून 5.

बरं, यादी झाली तरी मुहूर्त होईना. ऑगस्टात बातमी आली की जीएसटी कमी होणार, म्हटलं थांबू. सप्टेंबरात पितृपक्ष लागला, आई म्हणाली या दिवसात नवीन वस्तू घरात नको. 22 सप्टेंबरला, बरोबर घटस्थापनेला, जीएसटी उतरला आणि मी सकाळीच पेपर उघडून बसलो, तर एसी आणि मोठे टीव्ही 28 वरून 18 वर, आणि माझे पार्ट? ते आधीपासूनच 18 वर होते! महिनाभर मी एसीवाल्यांसाठी थांबलो होतो. मग दसऱ्याला भाचा म्हणाला दिवाळीत ऑफर येतात, दिवाळीत म्हणाला नोव्हेंबरच्या सेलपर्यंत थांब, आणि मी थांबलो, कारण थांबायला पैसे पडत नाहीत असा माझा तेव्हा समज होता.

तेव्हा निफाडला माझे सासरे, आबा, असेच थांबले होते. त्यांचा उन्हाळ कांदा एप्रिलपासून चाळीत, भाव वाढेल म्हणून राखलेला, आणि भाव काही वाढेना. इकडे मी रॅम उतरेल म्हणून बसलेलो आणि ती ऑक्टोबरपासून जी चढायला लागली ती पुरातल्या गोदावरीसारखी. पुराचं पाणी नाशिककर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, घरात आम्ही भाव पण त्यावरच मोजायचो, आज गुडघ्याला, आज कमरेला, आज छातीला. रोज रात्री आबांचा फोन, "जावईबापू, लासलगावला आज पण तसाच." मी म्हणायचो, "आबा, इकडे अजून वाढली."

कारण काय तर एआय. जगात रॅमच्या चिपा मुख्यतः तीन कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि त्या तिघी एआयच्या डेटा सेंटरला महाग माल पुरवायला लागल्यावर आपल्यासारख्या रॅमची एखादी पट्टी, म्हणजे स्टिक, घेणाऱ्याकडे बघणार कोण. डिसेंबरात तर मायक्रॉनने क्रुशियल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आणि मी इतके महिने रोज झोपताना एआयलाच विचारत होतो, बाबा कोणती रॅम घेऊ. तो पण काय गोड बोलायचा, "उत्तम प्रश्न!" म्हणे. खाणारा तूच की रे!

शेवटी जुलैत दोन स्टिकना जेवढे लागले असते तेवढ्यात एक पण येईना, तेव्हा मी शरण गेलो. आईने संक्रांत होऊ दे म्हटलं, तेवढं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी दुकान गाठलं. दुकानदार कोटेशन लिहितानाच म्हणाला, "हा रेट सकाळचा आहे साहेब, दुपारनंतर विचारू नका." आबा सोबत आले होते, त्यांचा चेहरा एकदम खुलला, अख्ख्या कॉम्प्युटर धंद्यात त्यांना कळलेलं हे पहिलं वाक्य. तिथेच काउंटरवर म्हणाले, "चाळीत हीच भरायला पाहिजे होती. सडली पण नसती." दोनाऐवजी 16 जीबीची एकच स्टिक घेतली.

रविवारी जोडायला बसलो. रॅम बसवताना जो कट्ट आवाज येतो त्याला मी काहीतरी तुटलं समजून श्वास धरून बसलो, बोर्डाला वीज देणारा 24 पिनांचा कनेक्टर तर इतका दाबावा लागला की बोर्ड वाकला आणि आईने तिकडे तोंड फिरवलं. सगळं जोडलं, हळदीकुंकू वाहिलं, बटण दाबलं. पंखे फिरले, फळीवर छान जांभळा उजेड पडला, पण स्क्रीन काळी.

एक मिनिट झालं, दोन झाली, काही नाही. मला घाम फुटला, भाच्याला फोन लावला तर तो उचलेना, पोरगा म्हणाला पप्पा काहीतरी जळालं, आणि मी मागचं बटण बंद करायला हात घातला तेवढ्यात भाच्याचा मेसेज आला की हात लावू नको मामा, पहिल्यांदा चालू केलं की हे बोर्ड रॅमची ओळख करून घेतं, त्याला ट्रेनिंग म्हणतात, काही मिनिटं लागतात.

"काही मिनिटं म्हणजे किती?" मी ओरडलो.

"अहो," बायको आतून म्हणाली, "जुलैपासून थांबलात ना, मग आता कसली घाई?"

आली स्क्रीन. 16 जीबी दाखवतेय. शेजारचा स्लॉट रिकामा आहे, त्याचं पाडव्याला बघू.